दोन नोडच्या ओरॅकल क्लस्टरसाठी सामायिक स्टोरेजचे नियोजन कसे करावे?

चाकण_डीबीए

नमस्कार. चाकण औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याचा डेटाबेस मी सांभाळतो. सध्या ओरॅकल १९सी एन्टरप्राइझ एडिशन एकाच सर्व्हरवर चालते. कारखाना तीन पाळ्यांत चालतो आणि उत्पादनाच्या प्रत्येक टप्प्यावर बारकोड स्कॅन होऊन त्याची नोंद डेटाबेसमध्ये जाते. त्यामुळे सर्व्हर बंद पडला की केवळ अहवाल अडत नाहीत, लाइनच थांबते. व्यवस्थापनाने आता दोन नोडच्या आरएसी क्लस्टरला, म्हणजे दोन सर्व्हरनी मिळून एकच डेटाबेस चालवण्याच्या मांडणीला, तत्त्वतः मान्यता दिली असून स्टोरेजचा तपशील माझ्याकडे मागितला आहे.

डेटा आज सुमारे ३ टीबी आहे व तो दरमहा साधारण ४० जीबीने वाढतो. आर्काइव्ह लॉग (बदलांच्या नोंदींच्या जपून ठेवलेल्या प्रती) दिवसाला १२० जीबीच्या आसपास तयार होतात. विक्रेत्याने दोन कंट्रोलर असलेला एक ऑल-फ्लॅश अ‍ॅरे सुचवला आहे. त्यात १० टीबी वापरण्याजोगी क्षमता, रेड-६ (ड्राइव्ह बिघडले तरी डेटा वाचवणारी रचना), १६ गिगाबिटचे फायबर चॅनेल (सर्व्हर व स्टोरेज जोडणारे नेटवर्क) आणि दोन्ही नोडना दिसणारा एकच मोठा लन (स्टोरेजने सर्व्हरला दिलेली आभासी डिस्क) अशी मांडणी आहे. कागदावर हे पुरेसे दिसते, तरीही सही करण्यापूर्वी अनुभवी मंडळींचे मत हवे आहे. रेड-६ ठीक आहे का, एएसएमची (ओरॅकलच्या डिस्क-व्यवस्थापकाची) रिडन्डन्सी एक्स्टर्नल ठेवावी (संरक्षण स्टोरेजवर सोपवून) की नॉर्मल (एएसएमनेच दोन प्रती ठेवून), व्होटिंग डिस्क (कोणता नोड क्लस्टरमध्ये राहील हे ठरवणाऱ्या) कोठे असाव्यात आणि लन किती करावेत, या प्रश्नांवर विशेषतः मार्गदर्शन हवे आहे.

खराडीकर

प्रस्तावात क्षमतेचा आकडा सर्वात आधी आला आहे. माझ्या मते तो सर्वात शेवटी यायला हवा. आरएसीमध्ये सर्व्हर दोन असतात, इन्स्टन्स (डेटाबेस चालवणाऱ्या प्रक्रियांचे संच) दोन असतात, डेटाबेस मात्र एकच असतो. एक नोड गेला तर दुसरा त्याचे काम उचलतो, परंतु स्टोरेज गेले तर दोन्ही नोड शाबूत असूनही लाइन थांबलेलीच राहते. म्हणून पहिला प्रश्न असा, की या अ‍ॅरेमधले काय काय बिघडले तरी काम चालू राहिले पाहिजे? एक फ्लॅश ड्राइव्ह, एक कंट्रोलर, एक स्विच, एक केबल, एका बाजूचा वीजपुरवठा, की संपूर्ण अ‍ॅरे? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'होय' असेल तर एका अ‍ॅरेचा प्रस्ताव तेथेच अपुरा ठरतो, मग त्यात १० टीबी असोत वा ५०.

दुसरा मुद्दा रिडोचा, म्हणजे डेटाबेस ठेवतो त्या प्रत्येक बदलाच्या नोंदीचा. बारकोडची नोंद म्हणजे छोटा व्यवहार आणि लगेच कमिट. प्रत्येक कमिट रिडो लॉग डिस्कवर उतरेपर्यंत थांबतो, हे एका सर्व्हरवरही खरेच आहे, पण आरएसीमध्ये त्याला आणखी एक पदर येतो. एका नोडने नुकताच बदललेला ब्लॉक दुसऱ्या नोडला हवा असेल, तर त्या बदलाचा रिडो आधी डिस्कवर उतरावा लागतो व नंतरच तो ब्लॉक इंटरकनेक्टवरून (दोन नोडमधल्या खास नेटवर्कवरून) पलीकडे जातो. म्हणजे एका नोडवर रिडोचे लेखन मंदावले की दुसऱ्या नोडवरचे वापरकर्तेही ताटकळतात. वेट इव्हेंटच्या (डेटाबेस कशासाठी थांबला त्याच्या) यादीत मात्र ते इंटरकनेक्टचे दुखणे असल्यासारखे दिसते आणि लोक नेटवर्कच्या मागे लागतात. तुमच्याकडे दोन्ही नोडवरून एकाच टेबलच्या शेवटच्या ब्लॉकमध्ये भराभर नोंदी होणार आहेत, तेव्हा हा प्रसंग नक्की येईल. विक्रेत्याकडून केवळ आयओपीएस (सेकंदाला होणाऱ्या वाचन-लेखनांची संख्या) लिहून घेऊ नका. छोट्या, एकामागून एक होणाऱ्या लेखनाची लेटन्सी (एका लेखनाला लागणारा वेळ) मागा, आणि तीही सरासरी नको, ९९ व्या पर्सेंटाइलची मागा.

आजची गरज मोजताना एडब्ल्यूआरमधून (ओरॅकल ठराविक वेळाने साठवते त्या कामगिरीच्या नोंदींमधून) वाचन व लेखनाच्या विनंत्या वेगवेगळ्या काढा. येथे दोन अडचणी आहेत. स्नॅपशॉट मुळात दर तासाला होतो, त्यामुळे पाळी बदलताना येणारी दहा मिनिटांची उसळी तासाच्या सरासरीत विरघळून जाते. शिवाय हे स्नॅपशॉट मुळात ८ दिवसच टिकतात, म्हणून महिनाअखेरचे चित्र हाती राहत नाही. मुदत ३५-४० दिवसांवर न्या, अंतर १५ मिनिटांवर आणा आणि महिनाअखेर त्यात येऊ द्या. ३१ मार्चची आकडेवारी कोणी जपून ठेवली असेल तर फारच उत्तम.

रेडविषयी. समजा उसळीच्या वेळी सेकंदाला ६००० वाचने व २००० लेखने होतात. छोट्या, विखुरलेल्या लेखनासाठी रेड-१० मध्ये प्रत्येक लेखनामागे प्रत्यक्ष ड्राइव्हवर दोन क्रिया होतात, रेड-५ मध्ये चार आणि रेड-६ मध्ये सहा. म्हणजे ड्राइव्हवरचा एकूण भार अनुक्रमे १०,०००, १४,००० आणि १८,००० होतो. फ्लॅश अ‍ॅरेच्या कॅशमुळे हा फरक प्रत्यक्षात बराच झाकला जातो, त्यामुळे रेड-६ ला माझा सरसकट विरोध नाही. दोन ड्राइव्ह एकाच वेळी गेले तरी डेटा वाचतो हा त्याचा गुण मोठा आहे. परंतु एक ड्राइव्ह बदलल्यानंतर पुनर्बांधणी चालू असताना आणि एक कंट्रोलर बंद असताना लेटन्सी किती राहील, हे लेखी घ्या. आपले क्लस्टर अडचणीच्या दिवशी नेमके त्याच अवस्थेत असणार आहे.

क्षमतेचा हिशेब त्यानंतर सोपा आहे. दरमहा ४० जीबीप्रमाणे पाच वर्षांत २.४ टीबी वाढतात, म्हणजे डेटा ५.४ टीबी होईल. दोन्ही इन्स्टन्सचे स्वतंत्र अनडू (बदल मागे घेण्यासाठीची जागा), टेम्प (तात्पुरत्या कामाची जागा), प्रत्येक इन्स्टन्सचा स्वतंत्र रिडो थ्रेड आणि किमान तीन दिवसांचे आर्काइव्ह लॉग, म्हणजे ३६० जीबी, हे त्यात मिळवा. हे सारे सामायिक स्टोरेजवरच हवे, कारण एक नोड पडल्यावर त्याचा रिडो वाचून रिकव्हरी करण्याचे काम जिवंत राहिलेला नोड करतो. रिडो एका नोडच्या स्थानिक डिस्कवर असेल तर ती रिकव्हरी होणारच नाही. सगळी बेरीज १० टीबीत बसते, मात्र बॅकअप याच अ‍ॅरेवर ठेवायचा नाही, या अटीवर.

आणि अ‍ॅरेवर थिन प्रोव्हिजनिंग (प्रत्यक्ष जागा लागेल तशीच देण्याची पद्धत) असेल तर पूल भरत आल्याची सूचना स्टोरेज विभागाबरोबर तुम्हालाही मिळेल अशी तजवीज करा. एएसएमला लनमध्ये जागा दिसत असते, पूल मात्र खाली संपलेला असतो. मग लेखन नाकारले जाते आणि डिस्क ग्रुप (एएसएमने एकत्र बांधलेले लन) डिसमाउंट होतो.

पेठेतला_डेटा

खराडीकरांनी तांत्रिक बाजू नेमकी मांडली आहे. मी एक पाऊल मागे जाऊन विचारते: आरएसीची गरज नक्की कशासाठी आहे? नोड पडल्यावर दोन-तीन मिनिटांचा खंड चालत असेल, तर दोन स्वतंत्र सर्व्हर, प्रत्येकाचे स्वतःचे स्टोरेज आणि मध्ये डेटा गार्ड (एका डेटाबेसमधले बदल दुसऱ्या प्रतीकडे पाठवणारी सोय), अशी मांडणी कमी खर्चात होते व डेटाच्या दोन प्रतीही आपोआप तयार होतात. डेटा गार्ड एन्टरप्राइझ एडिशनमध्येच येते, त्याचे वेगळे पैसे नाहीत. स्टँडबाय (ती दुसरी, राखीव प्रत) वाचनासाठी उघडा ठेवून प्राथमिक डेटाबेसमधले बदल त्यावर सतत लागू करत राहायचे असतील तरच अ‍ॅक्टिव्ह डेटा गार्डचा परवाना लागतो. आरएसीचा पर्याय मात्र एन्टरप्राइझ परवान्यावर वेगळा घ्यावा लागतो. हा धागा वाचणाऱ्या इतरांसाठी सांगते, की स्टँडर्ड एडिशन २ वर १९सी पासून आरएसी चालतच नाही. तेथे १९.७ पासून 'स्टँडर्ड एडिशन हाय अव्हेलेबिलिटी' आहे. त्यात एका वेळी एकाच नोडवर डेटाबेस चालतो व बिघाड झाल्यास तो दुसऱ्या नोडवर सुरू होतो. सामायिक स्टोरेज त्यालाही लागते.

आरएसी घ्यायचेच ठरले तरी दूरच्या जागी एक स्टँडबाय ठेवाच. चुकून डिलीट झालेला तक्ता किंवा स्टोरेजच्या फर्मवेअरमुळे खराब झालेला ब्लॉक दोन्ही नोडना एकाच क्षणी दिसतो. स्टोरेजचा स्नॅपशॉट (डेटाचे त्या क्षणाचे चित्र) त्याच अ‍ॅरेवर असल्याने तो बॅकअपच्या जागी धरता येत नाही. तरीही वापरणार असाल तर डेटा, रिडो आणि कंट्रोल फाइल ज्या ज्या लनवर आहेत ते सर्व लन एकाच कन्सिस्टन्सी ग्रुपमध्ये घ्या. वेगवेगळ्या क्षणांचे लन एकत्र जोडून डेटाबेस उघडत नाही.

जागा निवडताना आपल्या पुणे शहराचा इतिहास लक्षात ठेवावा असे मला मनापासून वाटते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हा नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. आजही खडकवासल्यातून विसर्ग वाढला की मुठेकाठच्या सखल भागात पाणी चढते. तळघरातली मशीन रूम किंवा एकाच शहरात ठेवलेल्या दोन प्रती, या दोन्हींचा विचार त्या दृष्टीने करा. स्टँडबाय मुंबईत ठेवायचा असेल तर अंतर साधारण १५० किलोमीटर धरा. काचेच्या तंतूतून प्रकाश किलोमीटरला सुमारे ५ मायक्रोसेकंद घेतो, म्हणजे जाऊन-येऊन किमान दीड मिलिसेकंद झाले, आणि केबल कधीच सरळ रेषेत जात नाही. सिंक्रोनस पद्धतीत (पलीकडून पोच येईपर्यंत थांबण्याच्या) हा वेळ तुमच्या प्रत्येक कमिटला जोडला जाईल. बारकोडच्या कामाला तो परवडतो का हे मोजून ठरवा. मी असते तर मुंबईसाठी असिंक्रोनसच ठेवले असते.

चाकण_डीबीए

दोघांचेही मनापासून आभार. आरएसीचा आग्रह दोन कारणांनी आहे. लाइनला दोन मिनिटांचा खंडही महागात पडतो, आणि तीन पाळ्यांमुळे पॅच लावण्यासाठी बंदची वेळ मिळतच नाही, त्यामुळे एकेका नोडवर पाळीपाळीने पॅच लावता येणे ही आमची खरी गरज आहे. मुंबईच्या स्टँडबायचा प्रस्ताव मी स्वतंत्रपणे मांडत आहे.

संपूर्ण अ‍ॅरे गेला तर काय, या प्रश्नावर आज व्यवस्थापनाशी चर्चा झाली व दुसऱ्या अ‍ॅरेला अनुकूलता दिसली. आमच्या आवारात सुमारे ४०० मीटर अंतरावर दोन इमारती आहेत. प्रत्येक इमारतीत एक नोड व एक अ‍ॅरे ठेवावा असा विचार आहे. विक्रेता म्हणतो, की एएसएममध्ये नॉर्मल रिडन्डन्सी निवडली की दोन्हीकडे प्रत आपोआप राहील. हे इतके सरळ आहे का?

मुळाकाठ

इतके सरळ नाही. नेमकी हीच मांडणी अनेक ठिकाणी अर्धवट राहते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

एएसएमची नॉर्मल रिडन्डन्सी प्रत्येक एक्स्टेंटच्या (डेटाच्या तुकड्याच्या) दोन प्रती दोन वेगवेगळ्या फेल्युअर ग्रुपमध्ये (एकत्र बंद पडू शकणाऱ्या डिस्कच्या गटांमध्ये) ठेवते. पण डिस्क ग्रुप तयार करताना फेल्युअर ग्रुप तुम्ही स्वतः सांगितले नाहीत, तर एएसएम प्रत्येक डिस्क हाच एक स्वतंत्र फेल्युअर ग्रुप धरते. समजा प्रत्येक अ‍ॅरेमधून चार लन दिले आहेत. एएसएमच्या लेखी ते आठ स्वतंत्र ग्रुप झाले, आणि एखाद्या एक्स्टेंटच्या दोन्ही प्रती एकाच इमारतीतल्या दोन लनवर पडायला काहीच आडकाठी उरली नाही. सगळे व्यवस्थित दिसते, रोजचे काम चालते आणि एक इमारत अंधारात गेली की डिस्क ग्रुपही जातो. त्यामुळे तयार करतानाच पहिल्या इमारतीचे लन एका नावाच्या फेल्युअर ग्रुपमध्ये व दुसऱ्या इमारतीचे दुसऱ्या ग्रुपमध्ये, असे स्पष्ट लिहा. डिस्कच्या व्ह्यूमध्ये फेल्युअर ग्रुपचा स्तंभ पाहून ते तपासा आणि तो निकाल हस्तांतराच्या कागदपत्रांत जोडा.

आता व्होटिंग डिस्क. नोडला जिवंत राहायचे असेल तर निम्म्याहून अधिक व्होटिंग डिस्क दिसाव्या लागतात. नॉर्मल रिडन्डन्सीत त्या तीन असतात व तीन निरनिराळ्या फेल्युअर ग्रुपमध्ये जातात. तुमच्याकडे इमारती दोनच आहेत. तीन डिस्क दोन ठिकाणी ठेवायच्या म्हणजे एका ठिकाणी दोन येणारच, आणि दोन असलेली इमारत गेली तर उरलेल्या इमारतीतला धडधाकट नोड एकाच डिस्कच्या आधारावर उभा राहू शकत नाही, तोही बाद होतो. डेटाची प्रत समोर सुरक्षित असताना क्लस्टर मात्र बंद, अशी ती स्थिती असते. यावर उपाय म्हणजे तिसरी व्होटिंग डिस्क तिसऱ्या जागी ठेवणे. तिला अ‍ॅरे लागत नाही. वेगळ्या वीजपुरवठ्यावरच्या एखाद्या छोट्या सर्व्हरवरून एनएफएसने (नेटवर्कवरून फाइल उपलब्ध करण्याच्या पद्धतीने) दिलेली फाइल पुरते, आणि एएसएममध्ये ती 'कोरम' प्रकारच्या फेल्युअर ग्रुपमध्ये जोडायची असते. त्या ग्रुपमध्ये वापरकर्त्यांचा डेटा जात नाही. गेटजवळची सुरक्षा केबिन, प्रशासकीय इमारत, कोणतीही जागा चालेल. दोन्ही इमारतींपैकी एकीच्या यूपीएसवर ती अवलंबून नको आणि तिच्याकडे जाणारा नेटवर्कचा मार्गही त्या दोघींपैकी एकीतूनच जाणारा नको.

अंतराबद्दल. १६ गिगाबिटचे फायबर चॅनेल ओएम४ मल्टिमोड केबलवर १२५ मीटरपर्यंतच चालते, ओएम३ वर १०० मीटर. ४०० मीटरसाठी सिंगल मोड केबल व लाँगवेव्ह एसएफपी (केबलच्या टोकाला बसणारे प्रकाशीय मॉड्यूल) लागतील. हे दरपत्रकात आहे का पाहा, कारण नंतर ते 'अतिरिक्त' म्हणून येते. दोन इमारतींना जोडणाऱ्या दोन केबल एकाच चरातून नेऊ नका. आवारात कोठेही खोदकाम निघाले की त्या एकाच वेळी तुटतात, मग दोन फॅब्रिक (स्वतंत्र स्टोरेज-नेटवर्क) असूनही उपयोग होत नाही. विलंबाची चिंता मात्र नको: ४०० मीटर जाऊन-येऊन सुमारे ४ मायक्रोसेकंद होतात.

लेखन दोन्ही अ‍ॅरेवर पूर्ण झाल्याशिवाय एएसएम ते पूर्ण झाले असे मानत नाही, म्हणून दोन्ही अ‍ॅरे सारख्याच क्षमतेचे व वेगाचे घ्या. एकीकडे नवा फ्लॅश आणि दुसरीकडे जुना फिरत्या डिस्कचा अ‍ॅरे 'सध्यापुरता' ठेवला, तर तुमचा प्रत्येक कमिट जुन्याच्याच वेगाने चालेल.

एक इमारत थोड्या वेळासाठी गेली, तर तिच्या डिस्क ऑफलाइन होतात आणि परत आल्यावर मधल्या काळात बदललेलेच एक्स्टेंट जुळवले जातात. यासाठी डिस्क ग्रुपवर डिस्क रिपेअर टाइम ही मुदत असते. ती उलटली की एएसएम त्या डिस्क कायमच्या काढून टाकते आणि नंतर सगळा डेटा पुन्हा कॉपी करावा लागतो. मूळ मुदतीवर विसंबू नका. पावसाळ्यात चाकणच्या बाजूला वीज गेली तर पूर्ववत व्हायला लागणारा वेळ तुम्हाला चांगला माहीत आहे, त्यानुसार मुदत द्या. मी २४ तास ठेवीन.

खराडीकर

मुळाकाठ यांच्या प्रत्येक वाक्याशी सहमत. उरलेले दोन मुद्दे लिहितो.

एकच मोठा लन नको. प्रत्येक लनला यजमान सर्व्हरवर स्वतःची रांग असते, त्यामुळे एका लनमध्ये सगळी वाहतूक एकाच रांगेत उभी राहते. डेटाच्या डिस्क ग्रुपसाठी प्रत्येक अ‍ॅरेमधून समान आकाराचे किमान चार लन, आर्काइव्ह लॉग व रिकव्हरीसाठी वेगळा डिस्क ग्रुप, आणि ओसीआर (क्लस्टरच्या रचनेची नोंदवही) व व्होटिंगसाठी छोटा स्वतंत्र ग्रुप अशी विभागणी मी करतो. छोटा ग्रुप वेगळा ठेवल्यामुळे डेटाच्या ग्रुपवर काही करताना क्लस्टरच्या मुळाला हात लागत नाही. अ‍ॅलोकेशन युनिटचा आकार तयार करतानाच ठरवा (४ एमबी योग्य राहील), कारण तो नंतर बदलता येत नाही.

मल्टिपाथ, म्हणजे एकाच लनकडे जाणारे अनेक मार्ग एका नावाखाली आणणे, हा दुसरा मुद्दा. प्रत्येक लन चार मार्गांनी दिसत असेल तर लिनक्सला चार डिस्क दिसतात आणि त्यावर मल्टिपाथचे एक नाव असते. एएसएमच्या डिस्कस्ट्रिंगमध्ये (डिस्क कोठे शोधायच्या ते सांगणाऱ्या सेटिंगमध्ये) फक्त मल्टिपाथच्या नावांचा मार्ग द्या, नाहीतर एकच डिस्क अनेकदा सापडून ओरा-१५०२० ही त्रुटी येते. नावे डब्ल्यूडब्ल्यूआयडीवरून (लनच्या कायम ओळखक्रमांकावरून) दोन्ही नोडवर सारखीच ठेवा. मालकी ग्रिड वापरकर्ता व एएसएमअ‍ॅडमिन गटाकडे, परवानगी ०६६०, आणि हे यूडेव्हच्या (लिनक्समधल्या उपकरण-व्यवस्थापकाच्या) नियमात लिहिलेले हवे. हाताने दिलेली मालकी पुढच्या रीबूटला टिकत नाही.

सर्व मार्ग तुटल्यावर विनंत्या अनंतकाळ रांगेत धरून ठेवण्याची मल्टिपाथची सेटिंग तुमच्या मांडणीत घातक ठरेल. एका अ‍ॅरेवर ती एक वेळ समजू शकते. दोन प्रती असताना मात्र मेलेल्या बाजूकडून त्रुटी लवकर परत आली पाहिजे, तरच एएसएम ती बाजू ऑफलाइन करून दुसरीवर काम चालू ठेवते. त्रुटी आलीच नाही तर दोन्ही नोड नुसते थांबून राहतात. यासोबत क्लस्टरच्या मुदती लक्षात घ्या: लिनक्सवर नेटवर्कच्या हृदयस्पंदनासाठी मिसकाउंट ३० सेकंद, व्होटिंग डिस्कसाठी डिस्कटाइमआउट २०० सेकंद, आणि क्लस्टरची फेररचना चालू असताना डिस्कचीही मुदत २७ सेकंदांवर येते. मार्ग बदलायला लागणारा वेळ या २७ च्या आत बसवा, २०० च्या नाही. वीज जाते तेव्हा नोड आणि डिस्क एकत्रच जातात व फेररचना नेमकी त्याच वेळी चालू असते.

हे कागदावर तपासता येत नाही. विक्रेत्याचा माणूस आवारात असताना, खरेदीची अंतिम रक्कम देण्यापूर्वी, दोन्ही नोडवर फिओने (स्टोरेजवर भार टाकणाऱ्या साधनाने) किंवा प्रत्यक्ष चाचणी डेटाबेसने भार चालू ठेवा आणि एकेक गोष्ट ओढून काढा. आधी एक एचबीए केबल (सर्व्हरच्या स्टोरेज-कार्डाची), मग एका फॅब्रिकच्या स्विचची वीज, मग एक कंट्रोलर, मग कोरमचा एनएफएस सर्व्हर, आणि शेवटी एका इमारतीतला संपूर्ण रॅक. प्रत्येक वेळी भार किती सेकंद थांबला ते एएसएमच्या अ‍ॅलर्ट लॉगमधल्या वेळांसह लिहून ठेवा. रॅक बंद करताना आणखी एक पाहा: अ‍ॅरेचे दोन्ही पॉवर सप्लाय वेगळ्या पीडीयूवर (रॅकमधल्या वीजपट्ट्यांवर) आहेत असे सांगितले जाते, पण दोन्ही पीडीयू खाली एकाच यूपीएसला लावलेले असू शकतात. लेबलवर विश्वास न ठेवता केबल हाताने धरून शेवटपर्यंत जा.

चाकण_डीबीए

कोरमसाठी प्रशासकीय इमारतीतला सर्व्हर निश्चित केला आहे, त्याची वीज वेगळ्या फीडरवरून येते. सिंगल मोड केबल व लाँगवेव्ह एसएफपी दरपत्रकात खरोखरच नव्हते, ते आज मागवून घेतले. दोन केबलसाठी दोन वेगळे चर काढायला स्थापत्य विभाग तयार आहे. एक शंका राहिली आहे: चाचणीत संपूर्ण रॅक बंद केल्यानंतर डिस्क पुन्हा ऑनलाइन करण्याची आज्ञा हाताने द्यावी लागते का?

मुळाकाठ

देण्याची तयारी ठेवा. आधी दोन्ही नोडवर मल्टिपाथचे सर्व मार्ग सक्रिय झाले आहेत हे पाहा, मग त्या फेल्युअर ग्रुपच्या नावाने ऑनलाइनची आज्ञा द्या आणि एएसएमच्या ऑपरेशनच्या व्ह्यूमध्ये जुळवणी संपेपर्यंत लक्ष ठेवा. ती पूर्ण होण्यापूर्वी दुसऱ्या इमारतीची चाचणी सुरू करू नका, कारण त्या क्षणी ताजी प्रत एकच असते. व्होटिंग डिस्क तीनही दिसत आहेत ना, हे क्लस्टरच्या आज्ञेने वेगळे तपासा.